ओ'नील यांचे बेट आणि चुन्याची निवळी

प्रिन्स्टन विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जेरार्ड ओ'नील यांचे 'द हाय फ्रंटियर' हे पुस्तक १९७६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. अवकाशात आधी हजारो आणि पुढे लाखो माणसांच्या कायमच्या वसाहती कशा उभारता येतील, हा त्याचा विषय. ओ'नील १९९२ साली वारले. त्यांना अपेक्षित असलेली एकही वसाहत आजवर उभी राहिलेली नाही. तरीही हे पुस्तक वाचले जाते. मे २०१९ मध्ये जेफ बेझोस यांनी आपल्या अवकाश-कंपनीच्या योजना मांडताना ओ'नील यांच्या धर्तीच्या वसाहतींची चित्रे पडद्यावर दाखवली, आणि ती चित्रे पुन्हा एकदा जगभर फिरली. अवकाशाचे वेड असलेला नववी-दहावीतला एखादा मुलगा किंवा मुलगी अशी चित्रे घेऊन आपल्याकडे येते आणि विचारते, 'सर, हे खरंच होईल का?' 'होईल' म्हणणे सोपे आहे आणि 'हा सगळा वेडेपणा आहे' म्हणणे त्याहून सोपे. दोन्ही उत्तरे टाळायची असतील तर ज्या पुस्तकातून हे सारे आले ते एकदा नीट तपासायला हवे.

माझे मत आधीच सांगतो. शाळेच्या ग्रंथालयात हे पुस्तक असावे. पण त्यात घर बांधण्याचा हिशेब जितका चोख आहे तितकाच घर चालवण्याचा हिशेब कच्चा आहे, आणि ही गोष्ट विद्यार्थ्याच्या सहजासहजी ध्यानात येत नाही. कारण पहिला हिशेब इतका सुंदर आहे की त्याच्या भरात दुसरा विचारायचा राहून जातो.

पुस्तकाचा उगम शिक्षकांना आवडेल असा आहे. १९६९ साली, म्हणजे माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षी, ओ'नील प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्र शिकवत होते. नेहमीच्या उदाहरणांत ज्यांचे मन भरत नव्हते अशा काही विद्यार्थ्यांना त्यांनी एक प्रश्न घातला. तंत्रज्ञानाच्या बळावर वाढत जाणाऱ्या संस्कृतीला राहायला ग्रहाचा पृष्ठभाग हीच खरोखर योग्य जागा आहे का? मुलांनी आकडेमोड केली आणि उत्तर 'नाही' असे आले. ग्रहावर उतरायचे म्हणजे एका खोल विहिरीतून मोठ्या कष्टाने बाहेर पडून पुन्हा दुसऱ्या विहिरीत उडी टाकायची. त्यापेक्षा मोकळ्या अवकाशातच फिरते पोकळ गोल किंवा नळकांडी बांधून त्यांच्या आतल्या बाजूला राहावे. तिथे ऊन चोवीस तास मिळते आणि वजन हवे तेवढे ठेवता येते. वर्गातल्या या प्रश्नातून लेख तयार झाला. अनेक नियतकालिकांनी तो नाकारला आणि अखेर सप्टेंबर १९७४ मध्ये 'फिजिक्स टुडे'ने छापला. त्याचाच विस्तार म्हणजे हे पुस्तक.

आता घर बांधण्याचा हिशेब पाहू. फिरत्या नळकांड्याच्या आतल्या भिंतीवर उभ्या असलेल्या माणसाला भिंत सतत केंद्राकडे ढकलत असते, आणि त्यालाच तो आपले वजन समजतो. हे त्वरण काढायला दहावी-अकरावीचे गणित पुरते. पायच्या वर्गाची चौपट करा, तिला त्रिज्येने गुणा आणि एका फेरीला लागणाऱ्या सेकंदांच्या वर्गाने भागा. १९७४ च्या लेखातील कोष्टकात सर्वांत मोठ्या नळकांड्याची त्रिज्या ३२०० मीटर, लांबी ३२ किलोमीटर आणि फेरीचा काळ ११४ सेकंद दिला आहे. उत्तर ९.७ च्या आसपास येते. पृथ्वीवर आपण ९.८ मानतो. पुस्तकातल्या पहिल्या, लहान वसाहतीला 'बेट क्रमांक एक' म्हटले आहे. तो सुमारे अर्धा किलोमीटर व्यासाचा गोल आहे आणि त्यात दहा हजार माणसे राहायची आहेत. (गोलाची मूळ कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांची, १९२९ सालची.) या गोलाला पृथ्वीइतके वजन द्यायचे तर किती वेगाने फिरवावा लागेल, हे फळ्यावर काढून पाहावे. साधारण बत्तीस सेकंदांत एक फेरी, असे उत्तर येईल. इतक्या वेगाने फिरणाऱ्या जागेत माणसाला गरगरेल का, हा पुढचा प्रश्न कोणीतरी विचारतोच, आणि तो रास्त आहे. फिरत्या यानात माणसे महिनोन्‌महिने राहिल्याचा अनुभव अजून कोणालाच नाही.

सामानाचा हिशेबही असाच पटणारा आहे. पृथ्वीवरून निसटायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो, तर चंद्रावरून २.४. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून तेवढ्याच वस्तुमानाला पृथ्वीवरून सुमारे बावीसपट ऊर्जा द्यावी लागते. तेव्हा धातू आणि माती चंद्रावरूनच आणावी, असे ओ'नील म्हणतात. त्यासाठी त्यांनी एक विद्युतचुंबकीय गोफण सुचवली. चंद्रावर लांबलचक रूळ टाकायचा, त्यावरून चुंबकांच्या जोरावर मातीने भरलेल्या बादल्या पळवायच्या आणि टोकाला माती आकाशात भिरकावून द्यायची. हवा नसल्याने तिला अडवणारे काही नाही. ही नुसती कल्पना राहिली नाही. १९७६-७७ मध्ये ओ'नील आणि हेन्री कोम यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील विद्यार्थ्यांना हाताशी धरून, इकडून तिकडून जमवलेल्या टाकाऊ सामानातून तिचे चालते प्रारूप तयार केले. एवढ्या मोठ्या स्वप्नाचा एक तुकडा टेबलावर मांडून दाखवणारे लेखक थोडेच असतात.

या साऱ्याबद्दल ओ'नील यांना पैकीच्या पैकी गुण द्यावेत. आता दुसरी वही उघडू.

चंद्राच्या मातीत वजनाने चाळीस टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन आहे. शिवाय सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह, टायटॅनियम आहे. म्हणजे काच, धातू आणि श्वासाला लागणारा वायू इथवर ठीक आहे. पण सजीव ज्यांचे बनतात त्या हायड्रोजन, कार्बन आणि नायट्रोजन यांचा तिथे दुष्काळ आहे. सौरवाऱ्याबरोबर येऊन रुतलेले त्यांचे अणू दशलक्षात शे-दीडशे भागांच्या घरात किंवा त्याहूनही कमी सापडतात. पाण्याबाबत आज चित्र थोडे बरे आहे. २००८ साली निघालेल्या आपल्या चांद्रयान-१ वरील उपकरणाने चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या खुणा टिपल्या, आणि ध्रुवांजवळच्या, सूर्यप्रकाश कधीच न पोचणाऱ्या विवरांत बर्फ असल्याचे पुरावे पुढे मिळाले. ओ'नील यांच्या वेळी हे ठाऊक नव्हते. त्यांनी हायड्रोजन पृथ्वीवरून न्यावा आणि पुढे लघुग्रहांवरून आणावा, असे प्रामाणिकपणे लिहिले आहे.

पण नायट्रोजनचे काय? त्या ३२ किलोमीटर लांब नळकांड्याचे घनफळ काढा. ते सुमारे एक हजार घन किलोमीटर भरते. पृथ्वीवरच्या दाबाने ते भरायचे तर शंभर कोटी टनांहून जास्त हवा लागेल, आणि तिच्यातला तीन-चतुर्थांश भाग नायट्रोजन. ओ'नील नायट्रोजनचे प्रमाण कमी ठेवायला सुचवतात. निम्मे ठेवले, तरी चाळीस कोटी टन उरतातच. चंद्राच्या मातीतून एक टन नायट्रोजन काढायचा तर दहा हजार टनांच्या आसपास माती भाजावी लागेल. आणि नायट्रोजन कमी केला की आगीची भीती वाढते ती वेगळीच. ज्या पुस्तकाने पोलादी दोरांवरचा ताण इतक्या बारकाईने काढला, त्याने हवेसारख्या मूलभूत वस्तूच्या पुरवठ्यावरून भरभर पुढे जावे, हे खटकते.

याहून मोठा प्रश्न पुढे आहे. हवा, पाणी, माती, बियाणे सगळे नेले असे धरून चालू. दार लावून घेतले. आता हे चक्र चालू राहील का? या प्रश्नाला पुस्तकात फार थोडी जागा मिळाली आहे. शेती वेगळ्या कप्प्यांत करायची, तिथे हवामान हवे तसे राखायचे, कीड आत येऊच द्यायची नाही आणि एखाद्या कप्प्यात रोग शिरलाच तर तो कप्पा तापवून निर्जंतुक करायचा, असा सारा मामला आहे. शेत हा जणू एक कारखाना आहे आणि त्याचे बटण आपल्या हातात आहे, असा सूर यातून उमटतो. ज्याने घराच्या परसात चार वाफे केले आहेत तो हे वाचून हसेल. पण हसण्यावर थांबायचे कारण नाही, कारण ओ'नील यांच्या हयातीतच पृथ्वीवर याचा प्रयोग सुरू झाला होता.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात ओरॅकल या गावाजवळ काच आणि पोलाद यांचे एक प्रचंड हरितगृह बांधण्यात आले. त्याचे नाव बायोस्फिअर-२. क्रमांक दोन अशासाठी, की क्रमांक एक म्हणजे आपली पृथ्वी. सुमारे तीन एकरांच्या त्या बंद जागेत छोटे वर्षावन, छोटा समुद्र, गवताळ प्रदेश, वाळवंट आणि अर्ध्या एकराची शेती होती. २६ सप्टेंबर १९९१ रोजी चार पुरुष आणि चार स्त्रिया आत गेल्या आणि दार बंद झाले. दोन वर्षे त्यांनी आतच पिकवलेले खायचे आणि आतलीच हवा पुनःपुन्हा श्वासात घ्यायची, असा बेत होता.

काही महिन्यांतच लक्षात आले की आतला ऑक्सिजन कमी होतो आहे. सोळा महिन्यांत त्याचे प्रमाण २०.९ टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांच्याही खाली उतरले. चार हजार मीटर उंचीच्या डोंगरावर जेवढा ऑक्सिजन मिळतो तेवढाच आता मिळत होता. माणसांना धाप लागू लागली, झोप लागेना. अखेर जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला.

ऑक्सिजन कोणी खाल्ला याचे उत्तर चटकन मिळाले. पिके जोमाने यावीत म्हणून मातीत सेंद्रिय द्रव्य भरपूर घातले होते. त्यावर जिवाणू पोसले आणि तेही आपल्यासारखेच ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडत होते. पण इथे एक कोडे पडले. जितका ऑक्सिजन गेला तितका कार्बन डायऑक्साइड हवेत वाढायला हवा होता. तो तेवढा वाढला नव्हता. मग गेला कुठे?

शोध लावला जेफ सेव्हरिंगहाउस आणि वॉलेस ब्रोकर या भूरसायनतज्ज्ञांच्या गटाने, आणि त्याचे उत्तर आपल्या प्रत्येकाच्या प्रयोगशाळेत आहे. आठवीच्या वर्गात आपण चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घालून दाखवतो. निवळी दुधाळ होते, कारण कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड मिळून न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. बायोस्फिअरच्या आतल्या काँक्रीटमध्ये हेच कॅल्शियम हायड्रॉक्साइड होते. उघड्या काँक्रीटच्या भिंती दोन वर्षे गुपचूप कार्बन डायऑक्साइड पीत राहिल्या, आणि त्या वायूबरोबर त्यातला ऑक्सिजनही दगडात अडकून पडला. झाडांच्या वाट्याला तो आलाच नाही, मग ते त्याचा ऑक्सिजन परत कुठून करणार?

बाहेर, मोकळ्या पृथ्वीवर, काँक्रीटचा हा गुण कोणाच्या ध्यानातही येत नाही. आपल्या डोक्यावर प्रत्येक चौरस मीटरला दहा टन हवा आहे आणि पायाखाली महासागर आहेत. चूक झाली तरी ती त्यांत विरून जाते. बंद खोलीत मात्र भिंतीसुद्धा रासायनिक क्रियेत भाग घेतात. अवकाशातल्या वसाहतीच्या भिंती, रंग, रबरी पट्ट्या, तारांची आवरणे यांपैकी कोण काय शोषेल आणि कोण काय सोडेल, याची यादी हीच खरी पायाभूत सुविधा. 'द हाय फ्रंटियर'मध्ये ती नाही. १९७६ साली ती कोणालाच करता आली नसती हे खरे. पण अशी यादी लागेल, एवढी जाणीव तरी पुस्तकात असायला हवी होती.

बायोस्फिअर-२ मध्ये आणखीही बरेच घडले. परागीभवन करणारे कीटक मेले, त्यामुळे अनेक झाडांना फळेच धरेनात. बरोबर नेलेल्या पृष्ठवंशी प्राण्यांपैकी बहुसंख्य जाती नष्ट झाल्या. मुंग्या आणि झुरळे मात्र माजली. माणसे सगळा वेळ भुकेली असत आणि त्यांचे वजन घटले. आठांची दोन गटांत फाटाफूट झाली, ती कायमची. या प्रयोगाची त्या काळच्या वर्तमानपत्रांनी भरपूर टिंगल केली. ती मला अन्यायाची वाटते. दोन वर्षे आठ माणसे बहुतांश स्वतः पिकवलेल्यावर जगली आणि आपल्याला चुन्याच्या निवळीचा हा अद्‍भुत धडा मिळाला. ते अपयश असेल तर अशी अपयशे आणखी हवीत. पण संख्येकडेही पाहू. अर्धा एकर शेतीवर आठ माणसे अर्धपोटी राहिली. त्याच दराने दहा हजार माणसांना अडीचशे हेक्टर लागतील. बेट क्रमांक एकच्या गोलाचा आतला सगळा पृष्ठभाग मिळून ऐंशी हेक्टरसुद्धा भरत नाही. ओ'नील यांनी शेती गोलाच्या बाहेरच्या कड्यांमध्ये ठेवली आहे आणि अखंड उन्हामुळे उत्पन्न कितीतरी जास्त येईल असे धरले आहे. येईलही. मात्र ते अजून कोणी काढून दाखवलेले नाही.

रशियात क्रास्नोयार्स्क येथे १९७२ साली उभारलेल्या 'बायोस-३' मध्ये तीन-तीन माणसे गहू आणि क्लोरेला शेवाळ यांच्या आधाराने सहा महिन्यांपर्यंत राहिली. बीजिंगमध्ये २०१७-१८ साली विद्यार्थ्यांच्या गटांनी आळीपाळीने ३७० दिवस असाच प्रयोग केला. दोन्ही ठिकाणी वीज बाहेरून येत होती आणि दाराबाहेर पृथ्वी होती.

दाराबाहेर पृथ्वी नसते तेव्हा काय होते, हे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून कळते. तिथे नोव्हेंबर २००० पासून माणसांची वस्ती अखंड आहे. पण ते आहे पृथ्वीपासून चारशे किलोमीटरवर, म्हणजे मुंबई-नागपूर अंतराहूनही जवळ. अन्न जवळजवळ सगळे खालून जाते. २०१५ साली अंतराळवीरांनी तिथे पिकवलेली लेट्यूसची पाने खाल्ली, त्याची जगभर बातमी झाली, यावरूनच काय ते ओळखावे.

स्थानकावरची पाण्याची गोष्ट शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावी. २००८ च्या अखेरीस तिथे लघवीपासून शुद्ध पाणी करणारे यंत्र बसवले. त्याने ८५ टक्के पाणी परत मिळवायचे होते. पृथ्वीवर ते छान चालले होते. वर मात्र वर्षभरातच त्याच्या आत पांढरा घट्ट थर साचला आणि ते बंद पडले. तो थर होता कॅल्शियम सल्फेटचा, म्हणजे आपण फळ्यावर ज्या खडूने लिहितो त्याचाच. हे कॅल्शियम आले कुठून? अंतराळवीरांच्या हाडांतून. वजनरहित अवस्थेत हाडे झिजतात आणि त्यांतले कॅल्शियम लघवीवाटे जाते. सल्फेट आले ते लघवी टिकवण्यासाठी तिच्यात मिसळलेल्या सल्फ्युरिक आम्लातून. यंत्राची चाचणी घेताना जमिनीवरच्या माणसांची लघवी वापरली होती, आणि तिच्यात इतके कॅल्शियम नव्हते. मग काही वर्षे पाणी ७५ टक्क्यांच्या आसपासच काढून काम भागवले, पुढे सल्फ्युरिकऐवजी फॉस्फोरिक आम्ल वापरायला सुरुवात केली. माणसाचे हाड, औषधी आम्ल आणि नळातला क्षार हे तीन वेगवेगळ्या पाठांत शिकवायचे विषय तिथे एकाच नळीत येऊन बसले.

२०२३ साली स्थानकावरचे एकूण पाणी परत मिळवण्याचे प्रमाण ९८ टक्क्यांवर पोचले. ही फार मोठी कामगिरी आहे. आता ती वसाहतीला लावून पाहू. तिथल्यासारखे काटकसरीने, माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरले तर दहा हजार माणसांचे ४० हजार लिटर होते. दोन टक्के म्हणजे रोजचे ८०० लिटर, वर्षाचे जवळपास २९० टन. आपल्याकडे शहरात माणशी १३५ लिटरचा जो निकष धरतात तो लावला, तर ही तूट वर्षाला दहा हजार टनांच्या घरात जाते. हे पाणी बाहेर सांडत नाही, खारट गाळात अडकून राहते, हे मुलांना सांगायला हवे. म्हणजे तो गाळ फोडणारे आणखी एक यंत्र लागते, त्याला सुटे भाग लागतात आणि ते भाग घडवणारा कारखाना लागतो. ऑक्सिजनचीही तीच तऱ्हा. श्वासातून आलेल्या कार्बन डायऑक्साइडची हायड्रोजनशी क्रिया करून पाणी मिळवतात, पण तिच्यात तयार होणारा मिथेन स्थानकाबाहेर सोडून दिला जातो आणि त्याबरोबर हायड्रोजनही जातो. स्थानकाला ते परवडते, कारण खालून पुढची खेप यायची असते.

ओ'नील यांच्या पुस्तकातील आणि त्याच सुमारास नासासाठी काढलेली चित्रे मुद्दाम पाहावीत. वसाहतीच्या आतल्या दृश्यांत हिरवळ आहे, वळणे घेणारे पाणी आहे, झाडांत लपलेली घरे आहेत, निवांत माणसे आहेत. सुखवस्तू अमेरिकन उपनगरच उचलून नळकांड्यात ठेवलेले. हातात पाना घेऊन नळाखाली वाकलेला माणूस मात्र मला या हिरवळीत कुठे भेटला नाही. पुस्तकाच्या सुरुवातीला वसाहतीतून आलेले एक काल्पनिक पत्र आहे, त्याचाही सूर असाच प्रसन्न. ही चित्रे जाहिरात म्हणून उत्तम वठली आहेत. पण त्यांनी एक समज रुजवला की वसाहत म्हणजे एक भलीमोठी इमारत, ती बांधून झाली की काम संपले.

इतर दोन-तीन गोष्टी थोडक्यात सांगतो. प्रारणांपासून बचावाचा प्रश्न १९७५ च्या उन्हाळ्यात स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि नासाच्या एम्स केंद्रात भरलेल्या अभ्यासगटाने गांभीर्याने घेतला. त्यांनी आखलेली दहा हजार माणसांची चाकासारखी वसाहत सुमारे एक कोटी टनांची आहे आणि त्यातले जवळजवळ सगळे वजन संरक्षक मातीचे आहे. खर्चाचा हिशेब ओ'नील यांनी स्पेस शटलच्या स्वस्त आणि वारंवार होणाऱ्या फेऱ्यांवर बेतला होता. प्रत्यक्षात १९८१ ते २०११ या तीस वर्षांत शटलची १३५ उड्डाणे झाली, सर्वाधिक म्हणजे नऊ १९८५ साली. लेखाच्या कोष्टकात पहिल्या वसाहतीपुढे १९८८ आणि सर्वांत मोठीपुढे २००८ ही साले आहेत. याबद्दल त्यांना फार बोल लावू नये, त्या काळी नासालाच तसे वाटत होते. आता परत वापरता येणाऱ्या अग्निबाणांमुळे भाडे बरेच उतरले आहे. पण भाडे शून्यावर आले तरी वर सांगितलेला खडू आणि चुना जिथल्या तिथेच राहतात.

लोकसंख्येचा मुद्दा मात्र सोडून देण्यासारखा नाही. वसाहतींमुळे पृथ्वीवरची गर्दी हटेल, असे पुस्तकात मोठ्या विश्वासाने म्हटले आहे. जगाची लोकसंख्या आज वर्षाला सुमारे सात कोटींनी वाढते. ती आहे तिथे थांबवायची तरी रोज दोन लाखांच्या आसपास माणसे वर पाठवावी लागतील. १९६१ पासून आजपर्यंत पृथ्वीच्या कक्षेत जाऊन आलेल्यांची एकूण संख्या सातशेच्या आत आहे. लोकसंख्यावाढीचा वेग त्यानंतर पुष्कळ मंदावला आणि तो मुलींच्या शिक्षणामुळे, आरोग्यसेवेमुळे, कुटुंबनियोजनामुळे मंदावला. त्यात अग्निबाणांचा काही संबंध आला नाही.

याच विषयावर २०२३ साली केली आणि झॅक वीनरस्मिथ या दांपत्याचे 'अ सिटी ऑन मार्स' हे पुस्तक आले. केली जीवशास्त्रज्ञ आहेत आणि झॅक व्यंगचित्रकार. ओ'नील जिथे घाईने पुढे गेले तिथे हे पुस्तक थांबते. अवकाशात गर्भधारणा आणि बाळंतपण कसे होईल, बंद परिसंस्था कशी टिकेल, कायदा कोणाचा चालेल, या प्रश्नांवर ते मोकळेपणाने आणि विनोदाने लिहितात. हवा ज्याच्या ताब्यात आहे त्या मालकाविरुद्ध कामगाराने संप कसा करायचा, अशा तऱ्हेचा विचार ओ'नील यांच्या प्रसन्न गावात कोणाच्या मनाला शिवला नव्हता. मात्र वीनरस्मिथ यांचे पुस्तक वाचून विद्यार्थी कागद-पेन्सिल घेऊन बसेल असे वाटत नाही. ओ'नील वाचून बसतो. म्हणून दोन्ही पुस्तके शेजारी ठेवावीत आणि ओ'नील आधी द्यावेत.

वर्गात किंवा विज्ञान मंडळात हा विषय घ्यायचा झाला तर फिरत्या नळकांड्याच्या उदाहरणाने सुरुवात करावी, ते मुलांना हमखास आवडते. दुसऱ्या तासाला चुन्याची निवळी घ्यावी आणि बायोस्फिअरचे कोडे उत्तर न सांगता मांडावे. ऑक्सिजन गेला, कार्बन डायऑक्साइड तेवढा वाढला नाही, खोली बंद आहे, तर शोधा. भिंतीपर्यंत पोचायला त्यांना वेळ लागेल, लागू द्यावा. मग रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत थोडी ओली माती, शेवाळाचा तुकडा आणि एखादे लहान रोप घालून झाकण मेणाने बंद करावे, उन्हाच्या झळा लागणार नाहीत अशा उजेडात ठेवावे आणि तारीखवार नोंदी करायला सांगाव्यात. एका बरणीत माती साधी आणि दुसरीत शेणखत भरपूर घातलेली ठेवली तर तुलना करता येते. वरच्या वर्गातल्या मुलांना शेवटी ओ'नील यांच्या त्या पत्राला उत्तर लिहायला सांगावे. ते वसाहतीतल्या पाणीपुरवठा खात्यातल्या फिटरने लिहायचे आहे, आणि आज त्याने दिवसभरात काय काय उघडले, काय साफ केले आणि कोणता सुटा भाग संपत आला आहे, एवढेच त्यात हवे.